पाळण्यापाशी उभा राहिलेला वंशद्वेष

जन्माने मिळालेल्या वर्णावरून माणसाची योग्यता ठरवणारा पूर्वग्रह म्हणजे वंशद्वेष. अमेरिकी कथा-कादंबरीत तो प्रेमिकांच्या आड येणारा समाज एवढ्याच रूपात वावरत नाही. तो घरात शिरतो आणि मूल जन्माला येताच पाळण्यापाशी उभा राहतो. याचे मूळ कायद्यात आहे. व्हर्जिनिया वसाहतीने १६६२ मध्ये अपत्याचा दर्जा आईवरून ठरेल असा नियम केला, त्यामुळे गोऱ्या मालकाला गुलाम स्त्रीपासून झालेले मूल त्याचा वारस न होता मालमत्ता ठरले; पुढे आंतरवंशीय विवाहांवरील बंदी १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लव्हिंग खटल्यात घटनाबाह्य ठरवली, तेव्हाही ती १६ राज्यांत लागू होती.

अशा कायद्यांतूनच, समीक्षेत ‘ट्रॅजिक मुलॅटो’ म्हणून ओळखली जाणारी, मिश्र रक्तामुळे दोन्ही समाजांना परकी ठरून नाश पावणारी नायिका जन्माला आली. विल्यम वेल्स ब्राउन यांच्या ‘क्लोटेल’मध्ये (१८५३) ती ठळकपणे दिसते, तर केट शोपँ यांच्या ‘देझिरेज बेबी’ (१८९३) या कथेत तिच्या शोकांतिकेला अनपेक्षित कलाटणी मिळते. बाळाला वारा घालणाऱ्या मिश्रवंशीय मुलाकडे आणि आपल्या बाळाकडे आळीपाळीने पाहताना देझिरेला साम्य उमगते. नवरा आर्मां तिला दोषी धरतो, ती बाळाला घेऊन दलदलीकडे निघून जाते, आणि तिचे कपडे व बाळाचा पाळणा जाळत असताना त्याला जुने पत्र सापडते, ज्यावरून कृष्णवर्णीय वंश त्याच्याच आईचा असल्याचे कळते. तरीही या परंपरेची मर्यादा स्पष्ट आहे: वाचकाची करुणा बहुधा गोऱ्या दिसणाऱ्या नायिकेच्याच वाट्याला येते.

नेला लार्सन यांनी ‘पासिंग’मध्ये (१९२९) ही करुणा बाजूला सारली. उजळ वर्णाच्या कृष्णवर्णीय व्यक्तीने गोरी म्हणून जगणे याला ‘पासिंग’ म्हणतात. असे ‘पासिंग’ करणारी क्लेअर आपला वंश कृष्णवर्णीयांचा तिरस्कार करणाऱ्या नवऱ्यापासून लपवते, आणि मूल सावळे निपजेल या धास्तीने तिचे गरोदरपण झाकोळून जाते. मातृत्वच उघडे पाडणारा पुरावा होऊ शकते, हे लार्सन यांनी निर्ममपणे दाखवले.

टोनी मॉरिसन यांनी ‘द ब्लुएस्ट आय’मध्ये (१९७०) नजर कृष्णवर्णीय कुटुंबाच्या आत वळवली. पॉलिन ज्या गोऱ्या घरात काम करते तिथे तिच्या मुलीच्या, पेकोलाच्या, हातून गरम गोड पदार्थ सांडतो. पाय पोळलेल्या पोटच्या पोरीला ती मारते आणि रडणाऱ्या मालकाच्या मुलीला कुरवाळते. इथे कोणताही कायदा आड येत नाही. सौंदर्याची गोरी मोजपट्टीच आईची माया वळवून नेते. या परंपरेतील सर्वांत भेदक निरीक्षण हेच आहे.

जेम्स बाल्डविन यांच्या ‘इफ बील स्ट्रीट कुड टॉक’मध्ये (१९७४) वंशद्वेष पोलीस आणि न्यायालयाच्या रूपाने कृष्णवर्णीय तरुण फॉनीला खोट्या आरोपाखाली तुरुंगात टाकतो. त्याच्यापासून त्याची प्रेयसी टिश हिला दिवस गेल्याचे कळताच तिची आई जपून ठेवलेली ब्रँडी काढून सर्वांना देते आणि येणाऱ्या बाळाचे स्वागत करते. शोपँच्या कथेत पाळणा जळतो. इथे बाळ जन्मण्याआधीच, कोणतीही झडती न घेता, त्याला घर मिळते. वंशद्वेष संपल्याची ग्वाही बाल्डविन देत नाहीत. पाळण्यापाशी कोणी उभे राहायचे हे मात्र त्यांची माणसे स्वतः ठरवतात.