अथेन्सची सनद (१९३१) आणि जुनीं शहरें : एक परीक्षण

इ. स. १९३१ च्या ऑक्टोबरांत अथेन्स येथें प्राचीन वास्तूंच्या रक्षणाचा विचार करण्यासाठीं तज्ज्ञांची एक परिषद भरली. राष्ट्रसंघाच्या बौद्धिक सहकार्याच्या शाखेंतील आंतरराष्ट्रीय संग्रहालय कचेरीनें ती बोलाविली होती. तिचे निष्कर्ष ‘अथेन्सची सनद’ या नांवानें प्रसिद्ध आहेत. याच नांवाचा दुसरा एक कागद आहे. १९३३ सालच्या आधुनिक वास्तुशिल्पज्ञांच्या परिषदेंतील नगररचनेचा विचार ल कॉर्ब्यूझिए यांनीं १९४३ सालीं त्या नांवानें छापला. या नामसादृश्यामुळें पुष्कळांचा घोटाळा होतो. प्रस्तुत लेखांत पहिल्या कागदाचाच परामर्श घ्यावयाचा आहे.

सनद म्हटली म्हणजे देणारा धनी आणि मोर्तब हीं दोन्ही लागतात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. या कागदामागें धनी नाहीं. ज्या सरकारांचे तज्ज्ञ परिषदेंत बसले, त्यांपैकीं एकाहि सरकारास त्यानें बांधून घेतलें नाहीं. खरें पाहतां हें एक शिफारसपत्र आहे. तथापि प्राचीन वास्तु ही एका राष्ट्राची मिरास नसून सर्व मानवजातीचा ठेवा आहे, हें तत्त्व निरनिराळ्या देशांच्या जाणत्यांनीं एकत्र बसून मान्य केलें, ही गोष्ट लहान नव्हे. पुढें १९५४ चा हेगचा करार आणि १९६४ ची व्हेनिसची सनद यांनीं हेंच सूत्र पुढें नेलें.

आतां शहरांविषयीं हा कागद काय म्हणतो तें पाहूं. नवी इमारत उठवितांना शहराच्या रूपाचा व स्वभावाचा मान राखावा, विशेषतः प्राचीन वास्तूच्या शेजारीं अधिक जपावें. कांहीं वास्तुसमूह व कांहीं रम्य दृश्यें जतन करावीं. जाहिराती, तारांचे खांब, गोंगाट करणारे कारखाने दूर ठेवावे. सल्ला योग्यच आहे. परंतु यांत मुख्य मान वास्तूला असून शहर तिचें कोंदण म्हणून आलें आहे. सामान्य घरांची ओळ, गल्ली, पाण्याची सोय, पिढ्यान्‌पिढ्या तेथें राहणारीं माणसें, यांचा विचार नाहीं. जुनी वास्तु वापरांत ठेवावी असें एक कलम सांगतें खरें, पण तेंहि वास्तूपुरतेंच.

या उणिवेची किंमत रोमनें दिली. इटलीचे गुस्ताव्हो जोव्हान्नोनी या परिषदेस हजर होते. जुन्या शहराची शोभा एकट्यादुकट्या प्रासादांत नसून साध्या घरांच्या मेळांत असते, म्हणून सरसकट पाडकाम न करतां निवडक भाग विरळ करून वारा व उजेड आंत घ्यावा, असा त्यांचा सिद्धांत. तो मांडणारा त्यांचा ग्रंथ १९३१ सालींच निघाला. रोमच्या त्याच वर्षींच्या नगररचना-योजनेच्या समितींतहि ते होते. असें असतां १९३२ च्या ऑक्टोबरांत मुसोलिनीचा साम्राज्य-मार्ग खुला झाला. त्यासाठीं वेलिया टेकडी खणून काढली आणि दाट वस्ती पाडली. १९३६ पासून सेंट पीटरच्या देवळासमोरील बोर्गो मोहल्ल्याची तीच गत झाली. पाडणारे म्हणत, आम्ही प्राचीन वास्तु मोकळ्या करीत आहों! सनदेंत सामान्य घराला जागा असती तर हें बोलणें इतकें सोपें झालें नसतें.

दुसरा मार्ग तेव्हां अज्ञात होता असेंहि नाहीं. पॅट्रिक गेडीस १९१४ सालीं हिंदुस्थानांत आले आणि १९१९ ते १९२४ पर्यंत मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे अध्यापक होते. होळकरांच्या इंदूरविषयींचा त्यांचा अहवाल १९१८ सालीं दोन खंडांत प्रसिद्ध झाला. आधीं पायीं हिंडून घरनघर पाहावें, कमींत कमी घरें पाडावीं, जेथें अडचण तेथेंच गल्ली रुंद करावी, विहिरी व तळीं साफ राखावीं, ही त्यांची रीत. ते तिला राखणारी शस्त्रक्रिया म्हणत. शहर हा जिवंत देह आहे ही जाणीव अथेन्सच्या कागदांत आढळत नाहीं.

तरी त्यांतलें एक कलम आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें, आणि त्याचीच चर्चा कमी होते. प्रत्येक राष्ट्रानें आपल्या वास्तूंची छायाचित्रांसह यादी छापावी व त्यांसंबंधींचे सर्व कागद एका दप्तरांत राखावे, असें तें कलम आहे. त्याचें मोल वॉर्सा शहरानें दाखविलें. तेथील तंत्रविद्यालयाच्या वास्तुशिल्पशाखेनें दोन महायुद्धांच्या दरम्यान जुन्या घरांचीं मापें व नकाशे तयार केले होते. १९४४ सालीं जर्मनांनीं शहर जमीनदोस्त केलें. नकाशे मात्र बाहेर काढून पिओत्रकूव्ह येथील मठांत लपविले गेले. त्यांच्या आणि अठराव्या शतकांतील बेलोत्तोच्या चित्रांच्या आधारें जुनें वॉर्सा पुन्हा उभें राहिलें व १९८० सालीं जागतिक वारशांत गणलें गेलें.

यावरून दप्तर हेंच रक्षण, असा अर्थ कोणी काढूं नये. रोमच्या पाडलेल्या मोहल्ल्यांचीं छायाचित्रें राहिलीं; रहिवासी मात्र शहराबाहेरच्या वसाहतींत गेले. नोंद ही कुदळीच्या आधीं व्हावी, कुदळीची सबब म्हणून नव्हे. आणि ती केवळ देवळें व किल्ले यांची न होतां आळीची व पेठेचीहि व्हावी. आमच्या संग्राहकांच्या दप्तरांत वाड्यांचीं खरेदीपत्रें, भावांचीं वांटणीपत्रें, हद्दीचे महजर, कात्रजच्या नळासारख्या पाणीपुरवठ्याचे हिशेब पडून असतात. वंशावळीच्या शोधासाठीं आपण ते वाचतों. शहराचा नकाशा म्हणून वाचीत नाहीं. एका पेठेचे असे सर्व कागद एकत्र लावून त्यांवरून घरवार यादी केली, तर अथेन्सच्या कागदांत जें राहून गेलें तें आपल्या हातून घडेल. उभ्या वाड्यांची मोजणी उद्यांवर टाकण्यासारखी नाहीं. कागद जपून ठेवतां येतो, भिंत थांबत नाहीं.