कान्होबांचे भांडण

तुकाराम बीजेचे कीर्तन आपण सर्वांनी ऐकले आहे. फाल्गुन वद्य द्वितीया, माध्यान्हीची वेळ, इंद्रायणीचा काठ, नांदुरकीचा वृक्ष. बुवा आख्यान रंगवत आणतात, टाळ चढत जातात, फुले उधळली जातात, जयघोष होतो आणि आपण प्रसाद घेऊन घरी परततो. तुकोबाराय सदेह वैकुंठाला गेले ही आपली निष्ठा आहे. तिच्याविषयी येथे वाद मांडायचा नाही. विचार करायचा आहे तो मागे राहिलेल्या माणसांचा. वैकुंठाच्या बाजूने पाहिले तर तो सोहळा आहे. देहूतल्या त्या घराच्या उंबऱ्यावरून पाहिले तर घरचा कर्ता पुरुष गेला आणि परत आला नाही. मागे जिजाई आहे, तिच्या पोटात मूल आहे, लेकरे आहेत आणि धाकटा भाऊ कान्होबा आहे.

उंबऱ्यावरून पाहिलेली ही गोष्ट गाथेतच आहे. कान्होबांच्या नावावरचे विलापाचे अभंग गाथेच्या प्रतींतून छापले जातात. आपल्यापैकी कितीजण तिथवर पान उलटतात? बीजेच्या कीर्तनात ते निरूपणाला घेतलेले मी फार क्वचित ऐकले आहेत. माझ्या मते संतवाङ्मयातील दुःखाच्या रचनांमध्ये त्यांची जागा फार वरची आहे, आणि आज काही घरांना त्यांची जेवढी गरज आहे तेवढी दुसऱ्या कशाची नसेल.

ते वाचण्याआधी कान्होबांचे आयुष्य ध्यानात घ्यावे. तिघा भावांत थोरला सावजी. बायको गेल्यावर त्याने घर सोडले, तो तीर्थे करीत निघून गेला आणि संसारात पुन्हा आला नाही. म्हणजे या घराने एक भाऊ असाच जाताना पाहिला होता. पुढे दुष्काळ पडला, तुकोबांची पहिली पत्नी रखुमाई अन्नावाचून गेली, मुलगा संतूही गेला. विरक्त तुकोबा भामनाथाच्या डोंगरावर जाऊन बसले, तेव्हा त्यांना शोधायला निघाले ते कान्होबाच. डोंगर धुंडाळून त्यांनी भाऊ शोधून काढला. मग इंद्रायणीकाठी खतांची वाटणी झाली. तुकोबांनी आपल्या वाट्याची खते डोहात सोडली आणि कान्होबा आपली खते घेऊन संसाराला लागले. एकदा शोधला आणि सापडला, असा हा भाऊ. दुसऱ्यांदा मात्र शोधायला जावे असा डोंगरच उरला नाही.

आता अभंग पाहा. कान्होबा सुरुवातीला भावाशी बोलतात. हृदय दुभंगले आहे, कंठ दाटून आला आहे, घरात लेकरे आक्रोश करीत आहेत आणि आम्हाला असे रानात टाकून का गेलास, असा त्यांचा सूर आहे. या दुःखात घर आहे, त्यातली मुले आहेत, उद्याची काळजी आहे. मग रोख देवाकडे वळतो आणि भांडण सुरू होते. माझा भाऊ तू नेलास, तो मला परत दे. ही विनवणी नव्हे, मागणी आहे. घेणेकऱ्याने दारात बसावे तसे कान्होबा विठ्ठलाच्या दारात बसतात. राग एका अभंगात संपत नाही; ओसरल्यासारखा वाटतो आणि पुन्हा उसळतो. एखाद्या काटेकोर समीक्षकाला ही पुनरुक्ती वाटेल. मला ती या रचनेची सत्यता वाटते. ज्याच्या घरातले माणूस असे गेले, तो एकच प्रश्न रोज नव्याने विचारतो.

याच्या शेजारी नामदेवरायांचे समाधीचे अभंग ठेवून पाहावेत. तेही विरहाचेच आहेत. निवृत्तिनाथांचा शोक वाचताना डोळे कोरडे राहत नाहीत. पण त्या दुःखाला आकार आहे. कार्तिक वद्य त्रयोदशीचा दिवस आधीपासून ठाऊक आहे, संतमंडळी जमली आहेत, निरोप घेतला जातो, थोरला भाऊ हात धरून आसनावर नेतो, शिळा लागते. रडणाऱ्याला पाठ फिरवायला एक जागा मिळते, आणि उद्या परत यायलाही तीच जागा असते. आळंदीला समाधी आहे. देहूला वैकुंठगमनस्थान आहे, समाधी नाही. तापीकाठी विजेच्या लखलखाटात गुप्त झालेल्या मुक्ताईची कथाही याच जातीची. कान्होबांच्या अभंगांना शिळा लागत नाही, म्हणून ते नामदेवरायांच्या अभंगांसारखे शेवटाकडे चालत जात नाहीत. ते घुटमळतात.

प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ हा १९३६चा चित्रपट आपल्यातल्या जुन्यांनी पाहिला असेल. दामले आणि फत्तेलाल यांचे दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीस तुकोबा आणि गौरी जिजाई. कीर्तनातल्या आख्यानापेक्षा हा चित्रपट जिजाईशी अधिक न्यायाने वागतो. तुकोबा बरोबर चल म्हणतात आणि ती मुलांकडे पाहून नाही म्हणते. कुणीतरी मागे राहावेच लागते, हे त्या नकारात आहे. पण पुढे तिला विमान डोळ्यांनी दिसते आणि तिथे चित्रपट संपतो. पडद्याला पडदा पाडावा लागतो, हे खरे. मात्र पाहणाऱ्याचा समज असा होतो की तिने पाहिले, तिला कळले, तिचे दुःख फिटले. कान्होबा आपल्याला दुसऱ्या दिवशीच्या घरात नेतात. परंपरा सांगते की पंचमीला तुकोबांचे टाळ आणि कंथा मिळाली. ज्यांच्या घरातले माणूस हरवले आहे त्यांना याचा अर्थ सांगावा लागत नाही. चौकीतून एक पिशवी मिळते, नदीकाठी चपला मिळतात. वस्तू येते, माणूस येत नाही.

वाचकहो, अशी घरे आपल्या दिंडीतही आहेत. पंढरपुरात आषाढीला ध्वनिक्षेपकावरून हरवलेल्यांची नावे सतत पुकारली जातात. बहुतेक जण भेटतात. एखादा भेटत नाही. कुणाचा मुलगा कामाला म्हणून गेला आणि त्याचा फोन लागेनासा झाला. कुणाचा बाप पुरात वाहून गेला. मग घरात असे प्रश्न उभे राहतात ज्यांना पंचांगात उत्तर नाही. कुंकू लावायचे की पुसायचे? पितृपक्षात त्याच्या नावाने पान वाढायचे का? ताट मांडायचे ते जिवंताचे की गेलेल्याचे? आणि काही घरांत माणूस समोर पाटावर बसलेला असतो, पण विस्मृतीच्या आजाराने लेकीला ओळखत नाही. तेही असेच अर्धवट जाणे.

अमेरिकेतील पॉलिन बॉस या विदुषींनी १९७०च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला आणि या दुःखाला ‘अ‍ॅम्बिग्युअस लॉस’ असे नाव दिले. आपण त्याला अनिश्चित वियोग म्हणू. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की या दुःखाला शेवट नसतो आणि तो लादू नये. तो बहुधा गेला असेल आणि कदाचित येईलही, हे दोन्ही विचार एकाच मनात बाळगून जगायला शिकावे लागते. हे वेड नव्हे, परिस्थितीच तशी आहे.

आपल्या धर्मशास्त्राला आणि कायद्यालाही हा पेच ठाऊक होता. सात वर्षे ज्याची वार्ता नाही तो मृत मानता येतो, असे पुराव्याचा कायदा सांगतो. धर्मग्रंथांत बारा वर्षे वाट पाहून पळसाच्या पानांचा देह करून दहन करण्याचा विधी आहे. आणि तोच माणूस पुढे परत आला तर त्याचे जातकर्मापासूनचे संस्कार पुन्हा करावेत, असेही सांगितले आहे. दहन करतानाही शास्त्राने परतीची वाट बंद केली नाही, ही गोष्ट मला मोठी वाटते. या मुदती जमिनीच्या उताऱ्यासाठी आणि पिंडासाठी उपयोगाच्या आहेत, त्या घराने निःसंकोच वापराव्यात. मनाला मात्र त्या लागू करू नयेत.

आपली चूक इथेच होते. अशा घरी गेल्यावर आपण दोनपैकी एक वाक्य बोलतो. ‘आता गेला असे समजा, विठ्ठलाची इच्छा’ किंवा ‘माउली आणेल हो, धीर सोडू नका.’ दोन्ही वाक्ये बोलणाऱ्याची सुटका करतात. ऐकणाऱ्या आईला पहिले वाक्य मुलाला मारून टाकायला सांगते आणि दुसरे जन्मभर दारात बसायला सांगते. विठ्ठलाच्या इच्छेचे नाव घेऊन तिचा राग गप्प करणाऱ्याने कान्होबांचे अभंग वाचावेत. ज्याने देवावर एवढी फिर्याद केली त्याला संप्रदायाने नास्तिक म्हटले नाही, त्याचे अभंग गाथेतून काढले नाहीत. सदेह वैकुंठगमनाची निष्ठा आणि माझा भाऊ परत दे ही हाक एकाच ग्रंथात शेजारी शेजारी नांदतात.

म्हणून बुवांना एक विनंती. बीजेला आख्यान जरूर लावा, पण त्याआधी किंवा नंतर कान्होबांचा एक तरी अभंग घ्या. समोर बसलेल्यांत कुणाचे असे घर आहे हे आपल्याला ठाऊक नसते. आणि वारकऱ्यांनो, आपण अशा घरी गेलात तर सांत्वनाची घाई करू नका. त्या माणसाचे नाव घ्या. त्याची आठवण काढा. कुंकवाचा आणि श्राद्धाचा निर्णय ज्याचा त्याला घेऊ द्या, आज घेतलेला निर्णय पुढल्या वर्षी बदलला तरी बोल लावू नका.

जिजाईच्या पोटातला मुलगा पुढे नारायण महाराज झाला. त्याने वडिलांना कधी पाहिले नव्हते. परंपरेनुसार १६८५ मध्ये त्याने तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवल्या, आळंदीहून ज्ञानोबांच्या पादुका घेतल्या आणि पंढरीची वाट धरली. पादुका ठेवल्या म्हणजे बाप गेला हे मान्य झाले का? की तो येईल असे म्हटले गेले? यांतले काहीच बोलायची त्याला गरज पडली नाही. त्याने पादुका खांद्यावर घेतल्या आणि चार माणसांना बरोबर घेऊन चालू लागला. आषाढीची ती चाल अजून चालू आहे. ज्यांच्या घरात अशी रिकामी जागा आहे त्यांनी तिच्यात बिनधास्त यावे, डोळे भरले तर भरू द्यावेत आणि मनात आले तर विठ्ठलाशी भांडावे. त्या भांडणाला गाथेत जागा आहे.