मॅक्रिनाचे उत्तर : निसाच्या ग्रेगरीच्या संवादातील आत्मा आणि देह

आत्म्याचे अमरत्व ही ग्रीक कल्पना आणि मृतांचे पुनरुत्थान ही नव्या करारातील श्रद्धा यांत मूलभूत विरोध आहे, असे ऑस्कर कुल्मान यांनी १९५५ साली हार्वर्ड येथील व्याख्यानात मांडले. हा विरोध चौथ्या शतकातील ख्रिस्ती विचाराला जसाच्या तसा लावता येत नाही. निसाचा बिशप ग्रेगरी याचा आत्मा व पुनरुत्थान यांविषयीचा ग्रीक संवाद (इ. स. ३८० च्या सुमारास) याचे उत्तम उदाहरण आहे.

भाऊ बॅसिल याच्या मृत्यूनंतर ग्रेगरी थोरली बहीण मॅक्रिना हिला भेटावयास जातो, तो तीही मृत्युशय्येवर असते. संवादाचा आदर्श प्लेटोचा ‘फीडो’ आहे. तेथे शोक करणाऱ्या क्झांथिपीला घरी पाठविले जाते. येथे मात्र गुरुस्थानी स्त्री असून शोक शिष्याचा आहे. तो तर्काबाहेर घालविला जात नाही. त्यातूनच पूर्वपक्ष उभा राहतो.

मॅक्रिनाच्या मते आत्मा हा निर्मित, सजीव आणि बुद्धिमय आहे. देहाची द्रव्ये विखुरली तरी, मिश्रणातील मूळ रंग चित्रकाराने ओळखावेत त्याप्रमाणे, तो त्यांना ओळखतो आणि त्यांची साथ सोडीत नाही. ‘आत्मा’ या शब्दाबरोबर मराठी वाचकाच्या मनात पुनर्जन्माची कल्पना सहज येते. परंतु मॅक्रिना आत्म्याचे देहपूर्व अस्तित्व आणि पशू-वनस्पतींतील त्याचा संचार, दोन्ही नाकारते. आत्मा व देह यांचा आरंभ एकच आहे. मरणोत्तर यातनाही तिच्या लेखी सूड नव्हे. चिखलाने माखलेला दोर अरुंद छिद्रातून ओढावा, तशी ती शुद्धी होय.

संवादाचा खरा कस शेवटी लागतो. दिव्याची ज्योत तीच भासते, पण क्षणोक्षणी वेगळी असते, देहाचेही तसेच. मग उठणारा देह कोणता, बालकाचा की जराजर्जर वृद्धाचा, असे ग्रेगरी विचारतो. पुनरुत्थान म्हणजे मानवी प्रकृतीची मूळ स्थितीत पुनःस्थापना, हे मॅक्रिनाचे उत्तर आहे. ते भव्य आहे. तथापि प्रश्न व्यक्तीविषयी होता आणि उत्तर मानवजातीविषयी येते. वय, व्याधी, व्यंग गळून पडल्यावर शोकाकुल भावाने ओळखावयाचे कोणाला, हे अनुत्तरितच राहते.

ग्रेगरीच्याच ‘मॅक्रिनाचे चरित्र’ या ग्रंथात या उणिवेची वेगळी बाजू दिसते. अंत्यविधीच्या तयारीत मॅक्रिनाच्या छातीवरील एक बारीक व्रण त्याला दाखविला जातो. बऱ्या झालेल्या गाठीची ती खूण दैवी कृपेचे स्मारक म्हणून राहिलेली असते. तर्काने जे व्यंग पुसून टाकले, ते चरित्राने ओळख म्हणून जपले. ग्रेगरीचा देहविचार समजून घ्यावयाचा तर हे दोन्ही ग्रंथ एकत्र वाचणे आवश्यक ठरते.