चुकांचे व्याकरण : उपचारात्मक अध्यापनावरील एका ग्रंथाचा पुनर्विचार

उपचारात्मक अध्यापनाचा विषय निघाला की आपल्या महाविद्यालयांतून चर्चा होते ती निधीची, तासिकांची आणि अहवालाची. विद्यार्थी नेमका कोठे चुकतो व का चुकतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तो केंद्रस्थानी आणणाऱ्या मिना शॉनेसी यांच्या 'एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स' (१९७७) या ग्रंथाचा येथे विचार करावयाचा आहे.

१९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात कृष्णवर्णीय व पोर्तोरिकन विद्यार्थ्यांनी आंदोलन केले. पुढे १९७० पासून न्यूयॉर्क सिटी विद्यापीठाने शहरातील प्रत्येक शालान्त उत्तीर्णास आपल्या कोणत्या ना कोणत्या महाविद्यालयात प्रवेशाची हमी दिली. नवागतांचे लेखन पाहून, हे विद्यार्थी उच्च शिक्षणास पात्रच नाहीत, असा निवाडा अनेक प्राध्यापकांनी दिला. सिटी कॉलेजात अध्यापन करणाऱ्या शॉनेसी यांनी मात्र १९७० ते १९७४ या काळातील सुमारे ४,००० प्रवेशनिबंध अभ्याससामग्री म्हणून वाचले.

चूक यादृच्छिक नसते, तिच्यामागे विद्यार्थ्याने स्वतः बांधलेला, परंतु अपुरा नियम असतो, हे त्यांचे प्रमुख प्रतिपादन होय. याची प्रचीती मराठीच्या अध्यापकास उत्तरपत्रिकांतून सहज येईल. 'पाणी'ऐवजी 'पानी' लिहिणारा विद्यार्थी घरच्या बोलीशी प्रामाणिक असतो. तोच पुढे 'मन'ऐवजी 'मण' लिहू लागला की परीक्षक हताश होतो. वस्तुतः ही दुसरी चूक प्रगतीची खूण आहे. आपल्या 'न'च्या जागी प्रमाणभाषेत अनेकदा 'ण' येतो, हे त्यास उमगले आहे. कोठे थांबावे, एवढेच उमगलेले नाही. लाल शाई दोन्ही चुकांचा अर्धा-अर्धा गुण सारख्याच तत्परतेने कापते. ('उपचार' हा शब्द स्वीकारतानाच आपण विद्यार्थ्यास रुग्ण ठरवून मोकळे होतो, हेही नोंदवावयास हवे.)

ग्रंथाच्या मर्यादा स्पष्ट आहेत. आठ प्रकरणांपैकी पाच हस्ताक्षर व विरामचिन्हे, वाक्यरचना, सामान्य चुका, वर्णलेखन आणि शब्दसंग्रह यांनी व्यापली आहेत. वाक्यापलीकडील रचनेस एकच प्रकरण लाभते. मिन-झान लू यांनी १९९१ मध्ये याहून मूलगामी आक्षेप घेतला. शॉनेसी भाषेस अर्थाचे निरपेक्ष वाहन मानतात. नवी भाषा आत्मसात करताना विद्यार्थ्यास घर व महाविद्यालय यांच्यातील जो ताण सोसावा लागतो, तो त्यांच्या विवेचनात दुय्यम ठरतो, असा त्याचा आशय. आक्षेप रास्त आहे. 'पानी' दुरुस्त करणारा अध्यापक आजीच्या उच्चारावरही रेघ ओढीत असतो.

प्रस्तुत लेखकास अधिक खटकते ती दुसरी बाब. स्वतंत्र पूर्वतयारीचे वर्ग असावेत, हे शॉनेसी गृहीत धरतात. अशा वर्गांत विद्यार्थ्याची वर्षे खर्ची पडतात, पदवीची श्रेयांके जमत नाहीत आणि अनेकजण नियमित अभ्यासक्रमापर्यंत पोहोचतच नाहीत. त्याच विद्यापीठाने १९७६ मध्ये शिक्षणशुल्क लागू केले, १९९८ मध्ये चार वर्षांच्या महाविद्यालयांतून हे वर्ग हटविण्याचा ठराव केला आणि २०२३ पर्यंत पारंपरिक स्वतंत्र वर्ग सर्वत्र बंद करून नियमित अभ्यासक्रमासोबतच जादा साहाय्य देण्याचा मार्ग पत्करला. हा बदल स्वागतार्ह आहे. मात्र त्या जादा तासास बसणाऱ्या अध्यापकाने आधी विद्यार्थ्याची वही शॉनेसींच्या पद्धतीने वाचलेली नसेल, तर तोच नियमित तास दुसऱ्यांदा घेतला जाईल, इतकेच.