बारा श्रेयांकांचा प्रबंध : नियम काय मोजतो आणि काय सोडतो



समीक्षा म्हटलं की आपल्याला कथा-कविता आठवते. आज मात्र आम्ही एक सरकारी नियम वाचायला घेतला आहे. नियम हाही मजकूरच असतो. तो काय बोलतो, कुठे गप्प बसतो, हे पुस्तकासारखंच बारकाईने पाहावं लागतं.

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा नवा श्रेयांक आराखडा जाहीर केला. श्रेयांक म्हणजे आपण ज्याला क्रेडिट म्हणतो ते. तीन वर्षांत किमान 120 श्रेयांक झाले की पदवी, चौथ्या वर्षाअखेर 160 झाले की ऑनर्स. पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के किंवा जास्त गुण असतील, तर चौथ्या वर्षी संशोधनाची वाट घेता येते. मग मुख्य विषयात, प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली, 12 श्रेयांकांचा प्रकल्प किंवा प्रबंध करायचा. पदवीवर 'ऑनर्स विथ रिसर्च' असं लागतं. महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत ही रचना 2024-25 पासून आली. म्हणजे त्या वर्षी प्रथम वर्षाला बसलेली मुलं 2027-28 मध्ये चौथ्या वर्षाला पोचतात. पहिली खेप आपल्याच पोरांची आहे.

आधी चांगलं ते सांगू. हौसेने केलेल्या कामाला आजवर पाठीवर थाप मिळायची, गुणपत्रिकेत जागा मिळत नव्हती. आता ती मिळते. शिवाय पीएच.डी.चे 2022 चे नियम चार वर्षांच्या पदवीला 75 टक्के असणाऱ्याला थेट प्रवेशासाठी पात्र धरतात. लांबच्या शहरात खोली घेऊन दोन वर्षं एम.ए. करणं ज्या घराला झेपत नाही, त्या घरासाठी ही मोठी गोष्ट आहे.

आता खटकतं ते. नियमात एक साधं वाक्य आहे : ज्याला संशोधन नको, त्याने प्रबंधाच्या बदल्यात 12 श्रेयांकांचे तीन विषय घ्यावेत. तराजूच्या एका पारड्यात तीन पेपर, दुसऱ्यात एक प्रबंध, आणि काटा मधोमध! हिशेबाला हे सोयीचं आहे. पण पेपरात प्रश्न दुसरा काढतो, आपण उत्तर लिहितो. प्रबंधात प्रश्नच आपल्याला शोधावा लागतो. ही दोन कामं एका मापाने मोजली की मुलं प्रबंधही पेपरासारखाच लिहिणार. गाइडमधून धडा उतरवायचा, स्पायरल बायंडिंग करून आणायचं, झाले बारा श्रेयांक.

75 टक्क्यांच्या अटीचंही तेच. सहा सत्रांचे गुण उत्तरं देण्याची ताकद दाखवतात. प्रश्न विचारण्याची ताकद त्यात दिसेलच असं नाही. सकाळी उसाला पाणी धरून, दोन एस.टी. बदलून कॉलेजला येणाऱ्या पोराला 68 टक्के पडले, तर त्याच्याकडे प्रश्न नाही असं कसं म्हणायचं?

प्रश्न म्हणजे काय, हे माढेकरांना लांब जाऊन शिकायची गरज नाही. रा. चिं. ढेऱ्यांचं 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' 1984 मध्ये आलं, 1987 मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. विठ्ठलाची आद्य मूर्ती पंढरपुरातली नसून आपल्या माढ्याच्या देवळातली आहे, असं मत ढेऱ्यांनी मांडलं. जुन्या माहात्म्यग्रंथात मूर्तीच्या छातीवर मंत्र असल्याचं वर्णन आहे, आणि माढ्याच्या मूर्तीच्या छातीवर अक्षरं कोरलेली आहेत. यावर मोठा वाद झाला. ढेरे बरोबर की चूक, हा आजचा मुद्दा नाही. मुद्दा असा, की ती मूर्ती गावाने पिढ्यान् पिढ्या पाहिली होती. ग्रंथातलं वर्णन आणि समोरची मूर्ती शेजारी ठेवून 'हे असं का?' असं ढेऱ्यांनी विचारलं. प्रबंधाची सुरुवात तिथे होते.

'ढेरे मोठे विद्वान, विद्यार्थ्याला हे कसं जमणार?' असं कोणी म्हणेल. त्यांनी 9 मे 1916 हा दिवस आठवावा. त्या दिवशी कोलंबिया विद्यापीठात प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने निबंध वाचला. 'कास्ट्स इन इंडिया' हा तो निबंध, आणि विद्यार्थी भीमराव आंबेडकर. वर्गासाठी लिहिलेला तो निबंध पुढच्या वर्षी 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला आणि आजही वाचला जातो. ते पदव्युत्तर विद्यार्थी होते हे खरं. पण निबंधात बळ आलं ते प्रश्न स्वतःचा होता म्हणून, आणि समोर ऐकून उलट विचारणारी माणसं होती म्हणून.

ही ऐकणारी माणसं आपण आणायची कुठून? अमेरिकेतल्या स्वॉर्थमोर कॉलेजने 1922 मध्ये ऑनर्सचा अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा परीक्षक बाहेरून बोलावायची पद्धत घातली. शिकवणारा आणि तपासणारा वेगळा ठेवला. आपल्याला एवढं तरी करता येईल, की प्रबंधाची तोंडी परीक्षा बंद खोलीत न उरकता इथे, याच मंडपात घ्यायची. उजनीच्या पाण्यावर लिहिलेला प्रबंध पाणी धरणाऱ्याने ऐकावा. 1897 मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेवर कोणी लिहिलं, तर कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात आयुष्य घालवलेल्या माणसाने त्याला दोन प्रश्न टाकावेत. त्यांच्यासमोर उतरवलेलं टिकत नाही.

आणि हे चौथ्या वर्षी एकदम जमत नाही. पहिल्या वर्षापासून एक वही ठेवा. गावात दिसलेलं, पटत नसलेलं, कोणी नीट सांगत नसलेलं तीत लिहा. त्या वहीला एकही श्रेयांक नाही, पण बारा श्रेयांकांचं काम तिच्यातूनच निघेल. प्राध्यापक मंडळींना विनंती, की 68 टक्केवाल्याचीही वही वाचा. नियम त्याला पदवीवर 'रिसर्च' लिहू देणार नाही. पण त्याचा प्रश्न ऐकायला कुठल्याही नियमाची आडकाठी नाही.