जेलचा आरंभ आणि मूल्यांचा वारसा

युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत (१९७९) दोन सोयी एकत्र आल्या. ‘सीएचरूट’मुळे एखाद्या प्रक्रियेची दृष्टी फाइलींच्या एका शाखेपुरती मर्यादित करता येऊ लागली, आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समुळे प्रत्येक प्रक्रियेला आपल्या जनक-प्रक्रियेकडून नावे व मूल्ये यांचा वारसा मिळू लागला. पहिली सोय तोडणारी, दुसरी जोडणारी. पॉल-हेनिंग कांप यांनी रचलेली व २००० साली फ्रीबीएसडी ४.० मध्ये आलेली ‘जेल’-व्यवस्था ही पहिल्या सोयीचीच प्रौढ अवस्था होय. दुसरीशी तिचा मेळ मात्र अद्याप पुरता बसलेला नाही.

यजमान यंत्रणेचा वारसा जेलमध्ये शिरू नये, हे तत्त्व निर्विवाद आहे. ‘एक्झेक.क्लीन’ हा निर्देश तेच करतो: होम, शेल, टर्म व यूझर एवढी नावे आणि लॉगिन-वर्गाची मूल्ये ठेवून बाकी सारे टाकून देतो. प्रश्न उरतो तो आतील एखाद्या सेवेला लागणारे मूल्य कोठे लिहावे, हा. ‘एक्झेक.स्टार्ट’मधील आज्ञेपूर्वी ‘एन्व्ह’ लावून मूल्य घुसवण्याचा उपाय सहज सुचतो, आणि जेल उभा राहताना तो सफलही होतो. त्याचा खोटेपणा पुढे उघड होतो. तीच सेवा जेलच्या आत ‘सर्व्हिस’ या आज्ञेने पुन्हा सुरू केली, की ती आज्ञा वारसा पुसूनच कामास लागते आणि मूल्य नाहीसे होते. सारा जेल पुन्हा उभा करावा, तर दोषही अंतर्धान पावतो! तपासणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. शिवाय एका सेवेसाठी दिलेले मूल्य जेलमधील सर्वच सेवांना मिळते, ते वेगळेच.

‘प्रोफाइल’ची फाइल येथे निरुपयोगी, ती लॉगिन-शेल वाचते, सेवा वाचत नाहीत. ‘लॉगिन.कॉन्फ’ संपूर्ण वर्गाला लागू पडते. योग्य जागा एकच दिसते: जेलमधील ‘आरसी.कॉन्फ’मध्ये सेवेच्या नावापुढे ‘_एन्व्ह’ जोडून केलेली नोंद. ती आरंभी आणि पुनरारंभी सारखीच वाचली जाते, व त्या सेवेपुरतीच राहते. परंतु ही माहिती जेलच्या पानावर नसून ‘आरसी.सबर’च्या पानावर आहे, आणि नवशिक्या तेथे सहसा पोचत नाही. संकेतशब्द मात्र या मार्गानेही देऊ नयेत. यजमानाचा प्रशासक ‘प्रॉकस्टॅट’ने ते बाहेरून वाचू शकतो.