‘शोले गर्ल’, डुप्लिकेट आणि बिडीचं कार्ड

सात रस्त्यावर राहून मुंबईच्या स्टंट करणाऱ्या बायकांवर पीएचडी कशी काय करतेस, असं मला सोलापुरात हमखास विचारलं जातं. उत्तर द्यायला वेळ लागतो, म्हणून आज सविस्तर लिहिते. त्यासाठी एका चित्रपटाचा आधार घेते: ‘द शोले गर्ल’. 2019 च्या 8 मार्चला झी फाइव्हवर आलेला, आपल्या आदित्य सरपोतदारांनी दिग्दर्शित केलेला, बिदिता बाग यांची मुख्य भूमिका असलेला. रेश्मा पठाण यांच्या आयुष्यावर बेतलेला आहे. ‘शोले’त हेमा मालिनींच्या जागी टांगा पळवणाऱ्या त्या ह्याच. पाहिला नसेल तर जरूर पाहा. मी तक्रार करणार आहे, पण पाहू नका असं म्हणत नाहीये.

आधी एक शब्द. सेटवर अशा कलाकाराला ‘डुप्लिकेट’ म्हणतात. आपल्याकडे हा शब्द चादरीच्या दुकानात ऐकू येतो: “डुप्लिकेट नाही ना?” सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं तरी दुसरीकडे विणलेल्या चादरी तिच्या नावावर विकल्या जातात, म्हणून हा प्रश्न. तिथे डुप्लिकेट म्हणजे नकली माल. सेटवर मात्र उलटं होतं. घोडा खरा, खडक खरा, पडणं खरं, आणि हे सगळं जिच्या अंगावर येतं तिलाच डुप्लिकेट म्हणतात.

आता ‘शोले’तला तो पाठलाग आठवा. यूट्यूबवर काढा आणि आवाज बंद करून बघा. बंगळुरूजवळच्या रामनगरचा खडकाळ माळ, मागे डाकू, पुढे बसंतीचा टांगा. चेहरा दिसतो तेव्हा कॅमेरा जवळ असतो. चाकं उडायला लागली की कॅमेरा लांब जातो, बाई पाठमोरी होते, केस आणि ओढणी तेवढी दिसते. शेवटी टांगा मोडून पडतो. चेहरा एका फ्रेममध्ये, धोका दुसऱ्या फ्रेममध्ये, आणि त्यांना जोडणारा सांधा आपल्या लक्षात येऊ नये हेच संकलकाचं कौशल्य. डुप्लिकेटचंही तेच. तिचं काम जितकं चांगलं, तितकी ती कमी दिसते. या दृश्याच्या वेळी टांगा उलटून आपण जखमी झालो आणि उपचार घेऊन पुन्हा कामावर आलो, हे रेश्मा पठाण यांनी मुलाखतींतून सांगितलं आहे.

याच्या शेजारी ‘सैराट’ ठेवा. जेऊरचे नागराज मंजुळे, अकलूजची रिंकू राजगुरू, म्हणजे सगळं आपल्याच जिल्ह्यातलं. आर्ची बुलेटवरून येते, ट्रॅक्टर चालवत येते, आणि तिचा चेहरा आणि हँडल एकाच फ्रेममध्ये असतं. थिएटरात शिट्ट्या पडल्या त्या यालाही होत्या, असं माझं मत. तिथे जिवाला धोका नव्हता हे कबूल. पण बाईचं शरीर काहीतरी जमवतंय आणि ते तिच्याच नावावर दिसतंय, हे पडद्यावर इतकं दुर्मिळ आहे की ट्रॅक्टरसुद्धा पुरतो. 1935 च्या ‘हंटरवाली’त नाडियाबाई आपल्या चेहऱ्याने, आपल्या नावाने मारामाऱ्या करत होत्या, तिकीट त्यावरच विकलं जायचं. पुढे चाळीस वर्षांत तेच काम चेहरा नसलेल्या बाईकडे गेलं.

‘द शोले गर्ल’ हा चेहरा परत देतो. हे मोठं काम आहे आणि ते मी नाकारत नाही. माझी अडचण आहे ती त्याने निवडलेल्या साच्याशी. महिला दिनाला आलेला हा चित्रपट धाडसाची गोष्ट सांगतो: गरीब घरातली पोर, लोकांची बोलणी, तरी ती उडी मारते. धाडसाचं कौतुक करायला आपल्याला काही खर्च येत नाही हो. टाळी वाजवली की झालं. पण ती उडी म्हणजे दिवसाची मजुरी होती. ती किती, कोणाच्या हातून मिळायची, हाड मोडलं तर पुढच्या महिन्याचं काय, वय वाढलं की काय, हे प्रश्न धाडसाच्या साच्यात बसत नाहीत. आणि नावातही बघा, ‘शोले गर्ल’! एवढ्या वर्षांच्या कामाची ओळख शेवटी एका चित्रपटापुरती, तीही ‘गर्ल’ म्हणून.

साध्या गोष्टी घ्या. फायटर पुरुष पँटच्या आत गुडघ्याला पॅड बांधतो, शर्टाच्या आत कोपराला. नायिकेची डुप्लिकेट नायिकेच्याच कपड्यांत पडते. घागरा-चोळी असेल, बिनबाह्यांचा ड्रेस असेल, तर पॅड लपवायचं कुठे? शिवाय अंगकाठी नायिकेसारखी हवी, म्हणजे हाडांवर मांस कमी आणि मार जास्त. हे कुणी दुष्टपणाने केलेलं नाही. कपडेपट एका खात्यात ठरतो, फाइट दुसऱ्या खात्यात, आणि दोन्हींची गाठ हिच्या गुडघ्यावर पडते. त्यात विग घालून पुरुषालाच नायिकेच्या जागी उभं करायची सोय आहेच. म्हणजे बाईचं काम म्हणून जे थोडं मिळतं, त्यातही वाटेकरी.

म्हणून मला त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात थरारक प्रसंग टांग्याचा वाटत नाही, कार्डाचा वाटतो. स्टंट कलाकारांच्या संघटनेच्या पहिल्या महिला सदस्य म्हणून रेश्मा पठाण यांचं नाव घेतलं जातं. सदस्यत्व म्हणजे दर, काम मागण्याचा हक्क, तंट्यात बाजू घेणारं कुणीतरी. चित्रपटधंद्यात हे कार्ड बाईला सहज मिळत नाही. मेकअप करणाऱ्या बायकांना संघटनेत मेकअप आर्टिस्ट म्हणून घेतच नव्हते, केस विंचरायचं काम करा म्हणायचे. चारू खुराना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा कुठे 2014 च्या नोव्हेंबरात ती बंदी उठली. ब्रश धरायला ही गत, तर टांग्याचा लगाम धरायला काय असेल!

आणि इथे सोलापूर येतं. घरी बसून बिड्या वळणाऱ्या बाईला बरीच वर्षं ‘फावल्या वेळात करते’ असंच म्हटलं गेलं. हजार बिड्यांमागे दर, खराब म्हणून बाजूला काढलेल्यांचं नुकसान तिच्या माथी. तिच्या हातात कामगार म्हणून कार्ड आलं, तेव्हा दवाखाना आला, पोरांची शिष्यवृत्ती आली. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने महिला बिडी कामगारांची 10,000 घरं उभी राहिली, 2006 मध्ये किल्ल्या मिळाल्या. त्यासाठी वर्षानुवर्षं मोर्चे निघाले. धाडस नव्हतं का त्यात? होतंच, पण मागणी धाडसाच्या कौतुकाची नव्हती.

गंमत म्हणजे दोघींचे कायदे सख्ख्या बहिणींसारखे होते. बिडी कामगार कल्याण निधीचा कायदा 1976 चा, सिने कामगार कल्याण निधीचा 1981 चा. दोन्ही केंद्राच्या श्रम खात्याकडे होते. 1981 च्याच दुसऱ्या कायद्याने सिने कामगाराशी लेखी करार सक्तीचा केला. पण त्यात कथाचित्रपटाची व्याख्या करताना जाहिरातपट बाहेर ठेवले. डुप्लिकेट मात्र आज सिनेमात पडते, उद्या मालिकेत, परवा जाहिरातीत. गुडघा तोच. 2017 मध्ये स्टंट कलाकारांसाठी विमा योजना आली ती अक्षय कुमार यांच्या पुढाकाराने. चांगलं झालं, पण एका नटाच्या मनावर हे अवलंबून असावं, हीच अडचण. 2025 च्या नोव्हेंबरात नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, तेव्हा सरकारी पत्रकात स्टंट करणाऱ्यांचा वेगळा उल्लेख आला, नेमणूकपत्राची भाषा आली. ते पत्र कॉल टाइमच्या आधी हातात पडतं की नाही, हे मला आता मुलाखतींत विचारायचंय.

तोवर तुम्ही एक करा. पुढच्या वेळी कुणी नायिका “सगळे स्टंट मीच केले” असं सांगेल, तेव्हा तो चित्रपट शेवटपर्यंत बघा. दिवे लागले तरी उठू नका, आणि फाइट मास्तरांच्या नावाखाली जी बारीक अक्षरं वर सरकतात, त्यांत बाईचं नाव शोधा. सापडलं तर खाली कमेंटमध्ये चित्रपटाचं नाव तेवढं टाका. मी यादी करतेय.